रावजीच्या जेवणाचा तक्ता

तंजावूर, ७ जुलै १९९७

चि. हरिप्रियेस आशीर्वाद.

तुझे पत्र आणि अठ्ठेचाळीस डबे अमेरिकेहून आलेल्या मुरलीने परवा घरी आणून दिले. जवळजवळ तीन वर्षांत तू मला लिहिलेले हे पहिले पत्र. ओळी नऊ, त्यांपैकी आठ रावजीविषयी. नवव्या ओळीत ‘अप्पा कसे आहेत’ एवढेच आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह नाही. अक्षरही बिघडले आहे. बी.एस्सी.च्या वर्षी ते याहून नेटके होते.

हे मी रागाने लिहीत नाही. मला आभार मानायचे आहेत आणि त्याचा मला सराव नाही.

मे महिन्यात मी तुला लिहिले ते नाइलाज झाला म्हणून. तू कॉलेजातून छत्रीत घालून आणलेले ते तांबूस पिल्लू आता आठ वर्षांचा बोका आहे, आणि तुझ्या वडिलांच्या मांडीखेरीज दुसरे आसन त्याला ठाऊक नाही. जानेवारीत हा माझा भाऊ अण्णा उत्सवासाठी पाच दिवस तिरुवैयारूला गेला असताना रावजीची लघवी अडली. निवृत्त पशुवैद्य डॉ. चिदंबर यांनी बारीक नळी घालून वाट मोकळी केली, एक थेंब काचेवर घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकाकडे बोलावले. मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट. तीस वर्षे मी मुलींना मॅग्नेशियमची परीक्षा शिकवली. परीक्षानळीच्या तळाशी हाच पांढरा साका बसला की त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. तो साका एखाद्या जिवाच्या आत बसू शकतो, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळले. अण्णाला मी फक्त ‘पोट बिघडले होते’ असे सांगितले. खरे सांगितले असते तर तो रडत बसला असता, आणि रडणाऱ्या पुरुषाचे काय करायचे हे मला समजत नाही.

मे महिन्यात स्फटिक पुन्हा दिसले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “अम्मा, उपाय आहाराचा आहे, पण तो आहार इथे मिळत नाही.” तो तू पाठवलास.

डबे आले तेव्हाची हकीकत तुला आवडेल. अण्णाने विचारले, “आत काय?” मी म्हटले, “औषध.” त्याने चष्मा लावून डबा फिरवला, वरचे इंग्रजी वाचले आणि डबा जमिनीवरच ठेवला. “कोंबडी! चंद्री, कोंबडी गे! ह्यास औषध म्हणतेस? आईने पाहिलें असतें तर तुज घमेल्यांत बसवून कावेरींत बुडविलें असतें.” मी म्हटले, रावजीची मुंज झालेली नाही. तो हसला, आणि मग व्यवस्था त्यानेच लावली. डबा मागच्या परसातच उघडायचा आणि त्याचा चमचा शेवग्याच्या झाडाला टांगलेला. घरात अजून अंडेही आलेले नाही, हे तुला आठवत असेल.

मांजरे आता चार आहेत. रावजी, म्हातारी काशी, जिचे मूत्रपिंड थकले आहे आणि जिने या डब्याला तोंडही लावता कामा नये, काळी मिरी, आणि अर्ध्या शेपटीचा तुकडा, जो कोणाचेही खातो. नवे अन्न एकदम देऊ नये म्हणून प्रारंभी अर्धा डबा आणि अर्धा नेहमीचा दहीभात असे ठरले आहे. वेळा आणि मापे यांचा तक्ता करून मी मागच्या दाराजवळ खिळ्याला लावला. अर्थातच देवनागरीत, तमिळमध्ये नव्हे. माझा डावा डोळा धूसर झाला असल्यामुळे ओळी नीट उतरल्या की नाही हे पाहण्यासाठी तो एकदा मोठ्याने वाचला. अण्णा मागे उभा राहून कीर्तन ऐकावे तशी मान डोलवत होता.

चंद्रमती


तंजावूर, २ ऑगस्ट १९९७

चि. हरिप्रियेस,

तुझे दुसरे पत्र काल आले. प्रश्नचिन्हे आहेत.

तिथल्या डॉक्टरांचे म्हणणे मला पटले. अर्धा आहार म्हणजे आहारच नव्हे. जोवर दहीभात चालू आहे, तोवर स्फटिकही चालू राहणार. खरे तर हे मला आधीच कळायला हवे होते. द्रावण अर्धे बदलले तर साका अर्धा तरी विरघळतो असे एखादी विद्यार्थिनी माझ्यापुढे म्हणाली असती, तर मी तिला बसू दिले नसते. पण रावजी निव्वळ डब्याला तोंड लावीना, म्हणून मी सव्वीस दिवस तडजोड केली. तडजोड मला कधी मानवलेली नाही.

ओसरीवर चारही ताटल्या एका रांगेत मांडणेही चुकीचे होते. मी परीक्षेच्या पर्यवेक्षिकेसारखी उभी राहते तोवर शिस्त असते. मी वळले की रावजी काशीचा दहीभात खातो, काशी रावजीचा डबा चाटते आणि तुकडा दोघांच्या मधून दोन्ही.

म्हणून आज नवा तक्ता लिहिला. उद्यापासून रावजीला फक्त डबा, कोठीच्या खोलीत, दार लावून, वीस मिनिटे. नंतर उरलेले उचलायचे. काशी स्वयंपाकघरात. मिरी आणि तुकडा ओसरीवर. दूध कोणालाही नाही. शेवटची ओळ तांबड्या शाईत लिहिली आहे: रावजी वाळूच्या घमेल्यात बसून जोर करीत आहे आणि थेंबही येत नाही असे दिसल्यास, बद्धकोष्ठ समजून घरगुती उपचार करू नयेत, त्याच क्षणी डॉ. चिदंबर यांना बोलवावे. खाली त्यांचा आणि मदुरैचा दूरध्वनी क्रमांक आहे. हा तक्ता कोणत्याही प्रयोगशाळेत लावण्यासारखा झाला आहे.

मदुरैचा क्रमांक अशासाठी की उद्या मी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिकडे जाते. बारा दिवस. जुना तक्ता काढून त्याच खिळ्याला नवा लावला आणि अण्णाला सांगितले, “तक्ता बदलला आहे. वाचून त्याप्रमाणे कर.”

“होय की.”

“चष्मा लावून वाच.”

“होय की, चंद्री. मी काय पाळण्यांतलें बाळ?”

तुझ्या वडिलांना त्यांच्या चौसष्ट वर्षांत कुठलेही काम शेवटपर्यंत नीट करताना मी पाहिलेले नाही, पण चार मांजरांना जेवू घालणे त्यांना जमावे.

चंद्रमती


तंजावूर, १६ ऑगस्ट १९९७

हरिप्रिया,

रावजी गेला. १२ तारखेला, दुपारी.

वस्तुस्थिती तुला जशी आहे तशी सांगणे माझे कर्तव्य आहे. अण्णाने तक्ता पाळला नाही. नवव्या दिवसापर्यंत तो अर्धा डबा आणि अर्धा दहीभात देत राहिला आणि चारही ताटल्या एका रांगेत मांडत राहिला. ११ तारखेला सकाळपासून रावजी घमेल्यात बसत होता. अण्णाने त्याला एरंडेल दिले. मग कोमट पाणी. मग त्याला मांडीवर घेऊन पोटावरून हात फिरवत दिवसभर बसून राहिला. बारा तारखेला सकाळी रावजी निपचित पडला, तेव्हा रिक्षा करून डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी नळी घातली, परंतु विष रक्तात पसरले होते. डॉक्टर मला म्हणाले, “आदल्या दिवशी दुपारपर्यंत आणला असता, तर मी सोडवला असता.”

तांबड्या शाईतली ओळ अण्णा बसला होता त्या जागेपासून हातभर अंतरावर होती.

मी याला अपघात म्हणणार नाही. वाचण्याचा आळस माणसाला कुठवर नेतो याचे हे उदाहरण आहे. तू विश्वासाने डबे पाठवलेस. विश्वास ज्याच्यावर टाकला गेला तो त्या लायकीचा नव्हता. तुझ्या बाबतीतही तो असाच वागला होता, हे मला आज आठवते.

शेवग्याखाली पुरले आहे.

चंद्रमती


तंजावूर, २० ऑगस्ट १९९७

हरिप्रिया,

हे पत्र टाकीन की नाही, मला माहीत नाही.

काल सकाळी अण्णा मागच्या दारी ताटल्या धूत होता. तीन. चौथी त्याने शेवग्याखाली उपडी ठेवली आहे. मी गेले चार दिवस त्याच्याशी बोललेले नव्हते. काल बोलले. म्हणाले, “इकडे ये. तक्त्यापुढे उभा राहा. वाच.”

“चंद्री, सोडून दे मा.”

“वाच. काय लिहिले होते आणि तू काय केलेस, ते तुझ्याच तोंडून मला ऐकायचे आहे.”

त्याने हात पुसले. चष्मा काढून पंच्याने पुसला, लावला. तक्त्यापुढे उभा राहिला, ओळींखाली बोट धरले आणि वाचू लागला. स्पष्ट, संथ, जिथे थांबायचे तिथे थांबून. “सकाळी सात वाजतां. रावजी, अर्धा डबा, अर्धा दहीभात, नीट कालवून. काशी, दहीभात, डबा अजिबात नाही. मिरी आणि तुकडा, दहीभात. ओसरीवर ओळीने ताटल्या मांडाव्या.” बोट एकेका ओळीवरून खाली उतरत होते. शेवटच्या, तांबड्या ओळीवर ते आले तेव्हा त्याचे शब्द संपले होते. बोट तिथेच थांबले.

त्याने वाचला तो जुना तक्ता. ७ जुलैला मी मोठ्याने वाचला होता तो, शब्दाला शब्द. भिंतीवर जो होता, त्यातले एक अक्षरही त्याने उच्चारले नाही.

मी बाकावर बसले. तो बसला नाही.

मग म्हणाला, “तांबडी शाई दिसली मज. तांबडी म्हणजे कांहीं मोठें असेल, एवढें कळलें. त्यास खांद्यावर घेऊन रघोजीच्या घरीं गेलों, तो वाचून सांगेल म्हणून. रघोजी पापनाशमला लेकीकडे गेलेला. वीथींत उभा राहिलों. ह्या वीथींत तीं अक्षरें आणीक कोण वाचणार, चंद्री? तूं आणि हरी. तूं मदुरैस, हरी अमेरिकेंत.”

“फोन करायचा होतास मला!”

“करून काय विचारूं? तूं काय लिहिलेंस, हें?” मग म्हणाला, “पोट धरलें असेल म्हटलें. मागें तूंच म्हणालीस की पोट बिघडलें होतें म्हणून.”

ते मीच म्हणाले होते.

आरतीचे पुस्तक समोर उघडून तो साठ वर्षे गातो आहे. पाने बरोबर जागी उलटतो. गावातले लोक म्हणतात, आमच्या बाळकृष्णरावांचे मराठी वाचन पाहा.


तंजावूर, २ सप्टेंबर १९९७

प्रिय हरी,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा माझे १६ तारखेचे पत्र तुझ्या हातात होते. तू म्हणालीस, “आत्या, अप्पांना फोन देऊ नकोस. माझ्या लग्नाला आले नाहीत, पत्राला एक ओळ लिहिली नाही. आता रावजी. मला त्यांचा आवाज ऐकायचा नाही.” त्या वेळी तो माझ्या शेजारीच उभा होता, हात अर्धा पुढे केलेला. वर जोडलेले पत्र तेव्हा अकरा दिवसांचे होते, माझ्या टेबलाच्या खणात. मी एक वाक्य बोलले असते तर पुरले असते. मी म्हणाले, “बरे,” आणि फोन ठेवला. त्याने विचारले, “काय म्हणते हरी?” मी उत्तर दिले, “बरी आहे म्हणते.”

हेच तीन शब्द तुझे प्रत्येक पत्र आल्यावर तो मला म्हणत असे. पत्र उघडायचा, जितका वेळ लागावा तितका वेळ समोर धरायचा, घडी घालायचा. मी विचारायची, काय म्हणते? बरी आहे म्हणते.

काल मी त्याला विचारले, पत्रे कुठे आहेत? त्याने आरतीचे पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवले. पानापानांत तुझी आंतर्देशीय पत्रे आहेत. वसतिगृहातली, मद्रासच्या नोकरीतली. सगळी देवनागरीत, कारण तमिळमध्ये लिहिलेले पत्र या घरात घेणार नाही असा नियम मी केला होता. शेवटचे २१ नोव्हेंबर १९९४चे. मी ते वाचले. तुझी परवानगी न घेता वाचले, हे नमूद करते.

“अप्पा, ९ डिसेंबरला सकाळी दहा वाजता आम्ही रजिस्टर लग्न करतो आहोत. गणेशकुमार चांगला आहे, तुम्हाला आवडेल. तुम्ही एकटे या. मी एग्मोर स्टेशनवर सकाळच्या गाडीला थांबेन. आत्याला कळू देऊ नका. तिला कळले तर ती तुम्हाला येऊ देणार नाही.”

त्या ओळीविरुद्ध माझी तक्रार नाही. मी येऊ दिले नसते. त्याआधी महिनाभर मीच तुला विचारले होते की तुझी मुले ही अक्षरे वाचणार नाहीत, तर ती मी तुला शिकवली कशाला. पण तू जे माझ्यापासून लपवायला सांगितलेस, ते त्याला वाचून दाखवू शकणारी या घरात मी एकटीच होते.

तुझ्या लग्नाची बातमी आम्हाला जानेवारीत मुरलीच्या आईकडून कळली. अण्णा परसात जाऊन रावजीला मांडीवर घेऊन बसला. मला वाटले, त्याला जातीबाहेरचे लग्न लागले. काल त्याला विचारले तेव्हा म्हणाला, “मज बोलाविलें नाहीं, म्हणून वाईट वाटलें.” पत्र दोन महिने त्याच्या पुस्तकात होते.

आता जे लिहायचे आहे ते मी दोनदा लिहून फाडले.

मला माहीत होते.

तुझे आजोबा सीतारामराव झोपाळ्यावर बसून आम्हा दोघांना देवनागरी बालबोध वाचायला शिकवीत. हातात रूळ. मी सात वर्षांची, अण्णा आठचा. मला अक्षरे एका महिन्यात आली. त्याला येईनात. तमिळ आली, पुढे इंग्रजी आली, ही मात्र येईनात. रूळ दिसला की त्याच्या डोळ्यांपुढे ती हलू लागत. मग तो पहाटे माझ्याकडे येई. मी दुसऱ्या दिवशीचे पान मोठ्याने वाचीत असे, तो एकदा ऐके, आणि सकाळी वडिलांपुढे ओळींखाली बोट धरून ते बिनचूक म्हणून दाखवी. वडील म्हणत, शाब्बास बाळकृष्णा. त्याबद्दल मी त्याच्या वाटणीचा गूळ घेत असे. बोट कोणत्या ओळीवर केव्हा न्यायचे, कुठे अडखळायचे म्हणजे खरे वाटेल, हे त्याला मी शिकवले.

पुढे मी कॉलेजात गेले, तो निबंधकाच्या कचेरीत लागला. मी कधी ठरवून विसरले नाही. एवढेच की या घराण्याची विद्या या घरात टिकून आहे असे म्हणायला मला दोन माणसे हवी होती, आणि तो पुस्तक हातात धरून गात होता. मी तिकडे पाहिले नाही. २ ऑगस्टला मी तक्ता बदलला तेव्हाही तो मोठ्याने वाचला नाही. घाई होती, असे मी स्वतःला सांगत आले. खरे कारण असे की चौसष्ट वर्षांच्या माणसाला वाचून दाखवावे लागते हे कबूल केले असते, तर सगळेच कबूल करावे लागले असते.

म्हणून १६ तारखेच्या पत्रातले ‘आळस’ आणि ‘लायकी’ हे शब्द मी मागे घेते. ते ज्याला लागू होतात त्याचे नाव त्या पत्राच्या शेवटी आहे.

मी त्याला म्हटले, बस, मी तुला हरीची सगळी पत्रे वाचून दाखवते. त्याने पुस्तक मिटले. म्हणाला, “तुझ्या तोंडून नको, चंद्री. साठ वर्षें सगळें तुझ्याच तोंडून ऐकलें.” हे त्याने रागाने म्हटले नाही. रागाने म्हटले असते तर मला बरे वाटले असते.

तो नीट जेवत नाही. आपल्या ताटातले अर्धे काढून शेवग्याखाली ठेवतो, आणि तुकडा ते खातो. नवा तक्ता त्यानेच लिहिला आहे, तमिळमध्ये. काशी, मिरी, तुकडा. खाली डॉक्टरांचा क्रमांक, तांबड्या शाईत. मापे जरा ढोबळ आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही. उरलेले डबे डॉ. चिदंबर यांना दिले. त्यांच्याकडे असाच एक बोका येतो.

२१ नोव्हेंबरचे तुझे पत्र सोबत परत पाठवते. ते तू त्याला वाचून दाखव. सगळे वाच, माझ्याविषयीची ओळही. हे पत्र मिळाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, इथल्या सकाळी नऊ वाजता फोन कर. दर रविवारी त्या वेळी मी घराबाहेर राहीन, म्हणजे तोच उचलेल.

तो आधी म्हणेल, सगळें बरें आहे. फोन ठेवू नकोस.

आत्या